दोधू मास्तरांचा तीन पानी अर्ज

दोधू मास्तरांना इंग्रजी शब्दांचा नाद कधी लागला, हे कोरीट गावात कुणालाच नक्की सांगता यायचं नाही. कुणाला पत्त्यांचा लागतो, कुणाला भजनाचा लागतो, या माणसाला जड शब्दांचा लागला. नंदुरबारच्या इंग्रजी शाळेत तीन इयत्ता झाल्या आणि वडील गेले, तेव्हा दप्तर खुंटीला टांगून ते घरी आले. पुढे मराठी फायनल होऊन गावच्याच शाळेवर मास्तर झाले. चौथीपर्यंतची शाळा, तिथे इंग्रजीचं काय काम. पण अर्धवट राहिलेली गोष्ट काही माणसांना सुखाने जेवू देत नाही. मास्तरांनी बाजारातल्या रद्दीवाल्याकडून एक डिक्शनरी आणली. तिचा पुठ्ठा गेलेला आणि शेवटची पानं वाळवीने खाल्लेली, 'टी' अक्षरापासून पुढे नुसती माती. त्यामुळे मास्तरांच्या इंग्रजीत 'ए'पासून 'एस'पर्यंत सगळं ऐश्वर्य होतं आणि तिथून पुढे ओसाड रान.

कागद महाग, म्हणून मास्तर शब्द ओसरीच्या भिंतीवर लिहीत. रोज दहा, शाळेच्या खडूच्या उरल्यासुरल्या तुकड्याने. सकाळी दात घासताना पाच म्हणायचे, संध्याकाळी पाय धुताना पाच. शनिवारी मंगलाबाई, म्हणजे मास्तरांची बायको, बादलीत शेण-माती कालवून पोतेरं घेऊन उभी राहायची. तिला अक्षर ओळखता येत नव्हतं आणि त्याचं दुःखही नव्हतं.

"आज शनवार शे," ती म्हणायची. "तुमन्या मुंग्या गिळी ल्या. मी पोतेरं फिरावस."

मग मास्तर घाईघाईने साठ शब्द पोटात घालायचे आणि भिंत पुन्हा कोरी व्हायची. असं सोळा वर्षं चाललं. साठाला आठवड्यांनी गुणा, आठवड्यांना वर्षांनी गुणा, आणि विसरलेले वजा करा. मास्तर विसरत नसत, हीच तर पंचाईत होती.

साध्या शब्दांकडे ते ढुंकूनही बघत नसत. चांगल्याला 'गुड' म्हणणारे हजार मिळतील. 'बेनेव्होलंट' म्हणणारा आख्ख्या तालुक्यात आपण एक, याचा त्यांना फार अभिमान. शब्द वापरायला मात्र माणूस नव्हता. गावात कुणाला इंग्रजी कळायचं नाही. मग ते शब्द बैलांवर वापरले जायचे, कधी मंगलाबाईच्या भाजीवर, आणि सगळ्यांत जास्त मगनवर.

मगन म्हणजे मास्तरांचा भाचा. गजराबाई ही मास्तरांची थोरली बहीण. तिचा नवरा तापाने गेला तेव्हा मगन सात महिन्यांचा होता. त्याला कडेवर घेऊन ती माहेरी आली ती कायमची. मास्तर-मंगलाबाईंना मूल झालं नाही, त्यामुळे या एका पोराला दोन आया आणि एक मामा अशी श्रीमंती मिळाली. मास्तरांनी त्याला इंग्रजी शिकवायचा फार प्रयत्न केला. पोराला सगळं यायचं, मोट हाकणं, विहिरीत सूर मारणं, चालत्या गाडीत उडी घेणं. इंग्रजी तेवढं यायचं नाही. पण मामाचे शब्द त्याला आवडायचे. त्याने दोन्ही बैलांना इंग्रजी नावं ठेवली, थोरला मॅग्निफिसंट आणि धाकटा एक्सलंट, आणि सबंध शिवारात ओरडत त्यांना हाकायचा. मास्तर वरवर रागवायचे. आतून त्यांना असं गुदगुल्या झाल्यासारखं व्हायचं की, चला, आपले शब्द कुणीतरी मोठ्याने म्हणतंय.

हाच मगन एकोणीसशे सतरा सालच्या दिवाळीनंतर नंदुरबारच्या बाजाराला गेला आणि लढाईच्या कामावर नाव लिहून आला. बाजारात पलटणीचे लोक आले होते. त्यांनी बूट दाखवले, खाकी कोट दाखवला, आगबोटीच्या गोष्टी सांगितल्या. बसऱ्याला रस्ते बांधायचे, माती वाहायची, बंदूक धरायची नाही, असं म्हणाले. मगनबरोबर शेजारच्या वस्तीवरचा दलपतही होता. दोघांनी अंगठे उठवले. सही करता येत असून मगनने अंगठा का उठवला, तर म्हणे दलपतला एकट्याला लाज वाटू नये म्हणून. असला पोरगा.

दोघांना धुळ्याच्या छावणीत नेलं. तिथून संक्रांतीच्या आत मुंबईला आणि मुंबईहून आगबोटीने बसऱ्याला न्यायचं ठरलं होतं.

गजराबाई दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी पोलीस पाटील रूपसिंग ओसरीवर येऊन बसले आणि त्यांनी एक वाट सांगितली. विधवेचा एकुलता एक मुलगा असेल तर जिल्ह्याचा कलेक्टर साहेब त्याचं नाव यादीतून काढतो, पलीकडच्या गावात एकाचं काढलं, असं त्यांच्या कानावर होतं. साहेब दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेत घोडे बघायला येणार. तिथे त्याच्या कानावर घालायचं. एवढंच काम.

"अर्ज मी लिखस," मास्तर म्हणाले.

सोळा वर्षं ज्या दिवसाची वाट बघितली तो दिवस असा दुःखाच्या वाटेने आला. पण आला. मास्तरांचं काळीज मगनसाठी तुटत होतं, यात कुणी शंका घेऊ नये. रात्री ते कूस बदलत आणि 'माय वो' म्हणत. पण त्याच काळजाच्या एका कोपऱ्यात कुणीतरी कंबर कसून उठून बसलं होतं, हेही खरं. आपल्याकडे मोठ्या माणसाच्या दारी जाताना कुणी कोंबडं नेतो, कुणी तुपाचं गाडगं नेतो. रिकाम्या हाताने गेलं तर मागणं उघडं पडतं. मास्तरांकडे साहेबाला द्यायला काय होतं? शब्द होते. ते त्यांनी चांगले चांगले निवडून काढले. पहिलं पान साहेबाच्या थोरवीचं. दुसरं पान साहेबाच्या दयाबुद्धीचं, न्यायाचं आणि सरकारच्या प्रतापाचं. तिसऱ्या पानावर अर्जदाराच्या क्षुद्रपणाचं वर्णन, आणि ते सगळं रीतसर मांडून झाल्यावर, तळाशी, मगन. आधी भेट पुढे करायची, मग मागणं काढायचं. हीच रीत. तिला कोरीटमध्ये कुणी चूक म्हटलं नसतं.

पाच दिवस ते लिहीत होते. एकाच वाक्यात बेनेव्होलन्स, मॅग्नॅनिमिटी आणि पर्स्पिकॅसिटी, म्हणजे दया, दिलदारी आणि बारीक नजर, अशी तिन्ही बसवली तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. एक नक्कल घरी ठेवून दुसरी त्यांनी कोऱ्या फडक्यात बांधली.

गाडी निघाली तेव्हा गजराबाई आधीच चढून बसली होती. वाटेत दलपतची आई फुलवंताबाई भेटली. तीही विधवा, तोही एकुलता एक. तिला गाडीत घेतलं. गाडीत बसल्यावर ती पदर सावरत म्हणाली, "मास्तर, मन्हा दलपतनंबी नाव टाका ना त्या कागदम्हा."

मास्तरांनी फडक्यावर हात ठेवला. एवढा तोलून मापून बांधलेला अर्ज, त्यात आता कुठे दुसरं माणूस कोंबायचं? "एक अर्जम्हा एकच मानूस बसस, फुलवंताबाई," ते म्हणाले. "तुमना नंतर लिखसू." तापीच्या काठाकाठाने गाडी चालली होती, कापूस वेचणाऱ्या बाया मान वर करून बघत होत्या.

सारंगखेड्याला पोचले तेव्हा यात्रा भरात होती. घोड्यांच्या रांगा, धुरळा, जिलेबीचा वास. नदीकडेच्या मोकळ्या जागेत साहेबाचे तंबू लागले होते. नाताळचे पाहुणे होते, एक मडम होती, एक डॉक्टर साहेब होता. मोठ्या तंबूपुढे खुर्च्या मांडल्या होत्या.

"दोधू," गजराबाई म्हणाली, "माले येऊ दे ना. मी सायेबना मोहरे काही बोलाऊ नही. नुसती रडसू. रडनं काय इंग्रजीम्हा ऱ्हास का?"

"आक्का, तू गाडीम्हाच बस. रडत पाय धरासत ती अडानी मानसं. आपले तसं करनं नही. असा अर्ज आख्खा जिल्हाम्हा कोनी लिखा नही व्हई."

तिने धाकट्या भावाच्या तोंडाकडे बघितलं. घरात शिकलेला तो एकटा. ती गाडीत बसून राहिली. फुलवंताबाईला अडवायचा अधिकार मास्तरांना नव्हता, पण त्यांनी तिलाही सुनावलं की, बाई, उगीच मधे पडू नका, होतंय ते बिघडेल.

साहेबाच्या हातात अर्ज पडला तो क्षण मास्तरांनी पुढे फार वर्षं पुन्हा पुन्हा आठवला. साहेबाने पहिली ओळ वाचली. भुवया वर गेल्या. दुसरी वाचली. मग त्याने मडमेला हाक मारली आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली. डॉक्टर साहेब खुर्ची ओढून जवळ आला. सोळा वर्षं बैलांवर आणि भाजीवर खर्च झालेले शब्द आज खुद्द साहेबाच्या तोंडून, असे गोल, असे भरदार बाहेर पडत होते. मास्तरांच्या अंगावर काटा आला. मडम हसली, तोंडाला रुमाल लावून हसली. डॉक्टरने मांडीवर थाप मारली. पहिलं पान मडमेच्या हातात गेलं, दुसरं साहेबाच्या. त्यांना इतका आनंद झालेला बघून मास्तरही हसले.

"हे सगळं तू लिहिलंस?" साहेबाने इंग्रजीत विचारलं.

"होय, हुजूर."

"कुणी शिकवलं?"

"डिक्शनरीने, हुजूर. 'एस'पर्यंत. पुढची वाळवीने नेली."

यावर तर तिघेही इतके हसले की मडमेने डोळे पुसले. साहेब उठला आणि त्याने मास्तरांशी हात मिळवला. गोऱ्या साहेबाने, भर यात्रेत, कोरीटच्या मास्तराचा हात हातात घेतला. म्हणाला, हा कागद मी ठेवणार, विलायतेला माझ्या भावाला पाठवणार. मास्तरांना वाटलं, म्हणजे काम जिल्ह्याच्याही वर गेलं.

"बरं, मग तुला हवंय काय?" साहेबाने विचारलं.

असं त्याने विचारलं. माणसाच्या नशिबात एक दार उघडतं म्हणतात ते हेच असणार. 'भाचा परत द्या', एवढं म्हणायचं होतं. पण तीन पानांचा थाट करून झाल्यावर, एवढा मान मिळाल्यावर, असं भिकाऱ्यासारखं उघड तोंडाने मागायचं? मास्तरांची जीभ वळेना. ते लवून म्हणाले, "हुजूर, सर्व काही त्यात नम्रपणे निवेदन केलं आहे."

इतक्यात घोडेवाल्याने एक काळा घोडा पुढे आणला. काय घोडा होता. साहेब त्याच्याकडे गेला. तिसरं पान टेबलावर पालथं पडून होतं. मास्तरांनी ते पाहिलं, आणि मनात म्हणाले, निवांत वाचेल.

तंबूबाहेर साहेबाचे चिटणीस भेटले. वयस्क गृहस्थ, पगडीखाली थकलेला चेहरा. त्यांनी मास्तरांना बाजूला घेतलं.

"मास्तर, राग मानू नका," ते म्हणाले. "काम काय आहे ते मला दोन ओळींत मराठीत लिहून द्या. मी संध्याकाळी साहेबांपुढे ठेवतो."

मास्तरांना राग आलाच. दोन ओळी. मराठीत. साहेबाने हात मिळवला आणि हा कारकून दोन ओळी मागतो. "त्याची गरज नाही," ते शाळेतल्या मराठीत म्हणाले. "साहेबांना समजलं आहे."

चिटणीस पगडी सावरून पुढे गेले. त्यांना दुसरी कामं होती.

मास्तर गाडीकडे परतत होते तेव्हा त्यांना गर्दीपलीकडे फुलवंताबाई दिसली. ती घोड्याजवळ साहेबाच्या आडवी जाऊन उभी होती. शिपाई तिला मागे ओढत होता आणि ती एकच बोलत होती, "सायेब, मन्हा धनी मरी गया. एकच पोऱ्या शे. त्याले बसराले धाडू नका." साहेबाने चिटणिसांना विचारलं, बाई काय म्हणते. चिटणिसांनी सांगितलं. साहेबाने खिशातून वही काढली. मास्तरांनी मान फिरवली. त्यांना तिची लाज वाटली.

"काय म्हने सायेब?" गजराबाईने गाडीतून विचारलं.

"सायेबनी मन्हा हातम्हा हात दिधा, आक्का."

"आनि मगन?"

"व्हई गयं समज."

तिने यात्रेतून पेढे आणायला लावले आणि वाटेवरच्या प्रत्येक देवळाशी गाडी थांबवली. फुलवंताबाईला तिने आपल्या हाताने दोन पेढे दिले आणि म्हणाली, तुन्हाबी व्हई, धीर धर.

नवव्या दिवशी दलपत घरी आला.

वस्तीवर ढोल वाजला तो कोरीटपर्यंत ऐकू आला. गजराबाई उठून अंगणात आली आणि रस्त्याकडे बघत राहिली, की मागून मगन येत असेल. तो आला नाही. मास्तर म्हणाले, "तिन्हं काम तोंडी व्हतं, लहान. आपला कागद मोठा शे. मोठा कागद फिराले टाईम लागसच." गावाला ते पटलं. खुद्द मास्तरांनाही पटलं, निदान दिवसा तरी.

संक्रांतीला चार दिवस असताना टपालवाला पार्सल घेऊन आला. वर सरकारी मोहोर. बातमी गावभर झाली. रूपसिंग पाटील आले, बायाबापड्या आल्या. गजराबाईने देवापुढे दिवा लावला आणि नारळ हातात घेऊनच ओसरीवर येऊन उभी राहिली. मास्तरांनी दोरी सोडली, कागद उलगडला. आत एक जाडजूड, लाल कातडी पुठ्ठ्याची, कोरीकरकरीत डिक्शनरी होती. पहिल्या पानावर साहेबाच्या अक्षरात लिहिलं होतं की, कोरीटच्या विद्वान मास्तरांस, त्यांनी आमचा नाताळ आनंदाचा केला म्हणून, आणि 'टी'पासून पुढच्या प्रवासासाठी.

आता जे घडलं ते मास्तरांनी कुणाला सांगितलं नाही, पण ते घडलं. क्षणभर, अगदी क्षणभरच, त्यांचा अंगठा पुस्तकाच्या शेवटाकडे सरकला. 'टी'चं पान उघडलं. सोळा वर्षं न दिसलेले शब्द रांगेने उभे होते. मग मान वर झाली आणि समोर नारळ धरून उभी असलेली बहीण दिसली.

"काय लिखेल शे?" तिने विचारलं. "कव्हय येस तो?"

मास्तरांनी पार्सलचा कागद उलटा केला, झटकला, पुस्तक हातात धरून हलवलं. आणखी काही नव्हतं. त्यांना एकदम सगळं कळलं. मडमेचा रुमाल कळला, डॉक्टरची थाप कळली, चिटणिसांचा चेहरा कळला. आपण ज्याला मान समजून घरी घेऊन आलो ते काय होतं, हे त्यांना भर ओसरीवर, गावादेखत कळलं.

त्यांनी तिथेच बसून मराठीत दोन ओळी लिहिल्या. मगन हा विधवेचा एकुलता एक मुलगा आहे, त्याचं नाव कमी करावं. लिहायला दूध उतू जाण्याएवढाही वेळ लागला नाही. अंगरखा घालून ते तसेच नंदुरबारला चालत गेले, आगगाडीने नरडाण्याला उतरले आणि तिथून मिळेल त्या गाडीने, मिळेल तिथे पायी, दुसऱ्या दिवशी धुळ्याच्या छावणीवर पोचले.

छावणी रिकामी होती. चुलींची राख आणि खुंट्या उपटल्याची भोकं राहिली होती. टोळी तीन दिवसांपूर्वी गेली, असं तिथल्या म्हाताऱ्या हवालदाराने सांगितलं. त्याला मगन आठवत होता.

"तोच ना, सगळ्यांना हसवणारा? त्याचा दोस्त सुटला त्या दिवशी यानेही गाठोडं बांधून ठेवलं," हवालदार म्हणाला. "म्हणायचा, घरून निरोप आलाय, माझ्या मामाचा अर्ज याच्या आईच्या रडण्यापेक्षा मोठा आहे, माझा हुकूम उद्या येतो. रोज फाटकाशी गाठोडं घेऊन बसायचा. निघायच्या दिवशीही बसला होता. हाताला धरून उठवावा लागला."

मास्तर फाटकाजवळ गेले आणि जिथे माती पायांनी गुळगुळीत झाली होती तिथे बसले. पोराने बसल्या बसल्या मातीत काडीने रेघोट्या ओढल्या होत्या. मास्तर मोठ्याने रडले. त्यांना कुणी अडवलं नाही.

त्यानंतर मास्तरांनी भिंतीवर काही लिहिलं नाही. लाल पुस्तक मंगलाबाईने धान्याच्या कणगीमागे टाकलं. मगनचं एक पत्र मुंबईहून आलं, वेड्यावाकड्या अक्षरात लिहिलेलं. आगबोट खूप मोठी आहे, मामांना सांगा की अर्ज पोचायला उशीर झाला तरी चालेल, बसऱ्याला पण टपाल येतं म्हणे. गजराबाईने ते पत्र मास्तरांकडून सात-आठ वेळा वाचून घेतलं. प्रत्येक वेळी मास्तर ती ओळ घाईने वाचून पुढे जायचे, आणि ती त्यांना परत त्याच ओळीवर आणायची.

श्रावणात सरकारी लिफाफा आला. इंग्रजीत. गावात इंग्रजी वाचणारा एकच, म्हणून टपालवाल्याने तो शाळेत आणून दिला. मास्तरांनी मुलांना पाढे म्हणायला लावले आणि लिफाफा फोडला. आत चार ओळी होत्या. एकही जड शब्द नव्हता. नाव, गाव, बसरा, ताप, तारीख. सगळे शब्द त्यांनी नंदुरबारच्या शाळेत पहिल्या इयत्तेत शिकले होते. ते पुन्हा पुन्हा वाचत राहिले, की एखादा असा शब्द सापडावा ज्याचा अर्थ आपल्याला येत नाही. सापडला नाही.

त्यांनी घरी जाऊन बहिणीला सांगितलं. कसं सांगितलं ते लिहिण्यासारखं नाही. ती जमिनीवर बसली आणि मंगलाबाईने तिला मिठी मारली. कितीतरी वेळ त्या दोघी एकच बाई असल्यासारख्या हलत होत्या.

तेराव्याचे पाहुणे गेल्यावर एका दुपारी गजराबाई मास्तरांजवळ येऊन बसली. तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मास्तरांना बरं वाटलं असतं.

"दोधू, तो अर्ज शे का रे घरम्हा? माले वाचीसनी दाखाड. आपली बोलीम्हा."

नाही म्हणायची मास्तरांची हिंमत झाली नाही. त्यांनी घरी ठेवलेली नक्कल काढली आणि एकेका वाक्याचं अहिराणी करत वाचू लागले. सायेब, तू सूर्यनासारखा शे. तुन्ही दया समिंदरनासारखी शे. तुन्ही नजर बारीक शे, तुन्हं मन मोठं शे. इंग्रजीत जे डोंगराएवढं होतं ते आपल्या बोलीत आलं की मूठभर व्हायचं. तोच तोच सूर्य, तोच तोच समुद्र. तरी गजराबाई मान हलवत शांतपणे ऐकत होती, पोथी ऐकावी तशी. पहिलं पान संपलं. दुसरं संपलं.

"चांगलं लिखेल शे," ती म्हणाली. "मगन कोठे शे याम्हा?"

मास्तरांनी तिसरं पान काढलं. वरून खाली बोट आणलं, सगळ्यात तळाशी, कागद संपायच्या आधीच्या ओळीवर.

"आठे."

गजराबाईने आपलं बोट त्या नावावर ठेवलं. शेतात राबून जाड झालेलं बोट, त्याखाली नाव सबंध झाकून गेलं. तिने वर बघितलं, वरच्या सगळ्या ओळी बघितल्या, बाजूला ठेवलेली दोन पानं बघितली. मग फार हळू, जसं एखाद्या पंगतीत उपाशी राहिलेल्या पोराबद्दल विचारावं तसं, तिने विचारलं,

"इतला मांगे कसाले बसाडं रे त्याले?"

मास्तरांकडे चाळीस-पन्नास हजार शब्द होते. ती उत्तराची वाट बघत तशीच बसून राहिली, नावावरचं बोट न उचलता.